देवयानीहून आलेली तार: ‘ए फॉर अँड्रोमेडा’ची पार्श्वभूमी

परग्रहवासीयांची स्वारी म्हटली की तबकड्या, किरणांच्या बंदुका आणि पळापळ करणारी गर्दी आठवते. ३ ऑक्टोबर १९६१ च्या मंगळवारी बीबीसीवर सुरू झालेल्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या सात भागांच्या मालिकेत पृथ्वीवर कोणीच उतरत नाही. यॉर्कशरच्या डोंगराळ भागात नवी रेडिओ दुर्बीण उभी राहते आणि उद्घाटनाच्या तोंडावरच तिला देवयानीच्या, म्हणजे अँड्रोमेडा तारकासमूहाच्या, दिशेकडून एक संदेश ऐकू येतो. जॉन फ्लेमिंग नावाचा तापट तरुण शास्त्रज्ञ तो उलगडतो. त्यात एका प्रचंड संगणकाचा आराखडा असतो, तो चालवण्याचा प्रोग्राम असतो आणि त्याला पुरवायची माहितीही असते. सरकार स्कॉटलंडमधल्या एका लष्करी तळावर तो संगणक बांधून घेतं. शत्रू आत येतो तो असा: आपलेच कारागीर, आपलीच वीज, आपलाच सरकारी खर्च.

मालिकेचं मूळ बीज फ्रेड हॉईल यांचं. पटकथा जॉन एलियट यांनी लिहिली. हॉईल हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू ते हेच. एवढ्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने टीव्हीसाठी लिहावं याचं आपल्याकडे आजही आश्चर्य वाटेल. पण हॉईल यांना बीबीसीचा स्टुडिओ परका नव्हताच. ‘बिग बँग’ हा शब्दही त्यांनी २८ मार्च १९४९ रोजी बीबीसी रेडिओवर बोलतानाच पहिल्यांदा वापरला. तो सिद्धांत त्यांना मान्य नव्हता, नाव मात्र त्यांनीच दिलेलं चिकटलं. १९५७ साली त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी आली होती आणि ती भरपूर वाचली गेली होती.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. परग्रहवासीयांच्या स्वारीची इंग्रजी कथा १८९८ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’पासून मोजायची पद्धत आहे. एच. जी. वेल्स यांनी सुरुवातीलाच टास्मानियातल्या मूळ रहिवाशांची आठवण काढून वाचकाला बजावलं आहे की आपण इतरांचं जे केलं तेच मंगळवासी आपलं करताहेत. शेवटी मंगळवासी मरतात ते पृथ्वीवरच्या जंतूंमुळे. ते जंतू लक्षात ठेवा, ते पुढे उलट्या दिशेने येणार आहेत.

टीव्हीवर ही परंपरा आणली पटकथाकार नायजेल नील यांनी. १९५३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही मालिका अलेक्झांड्रा पॅलेसच्या जुन्या स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत होती. अंतराळातून परतलेल्या माणसाचं हळूहळू वनस्पतीसारख्या राक्षसात रूपांतर होतं आणि शेवटी तो वेस्टमिन्स्टर ॲबीत जाऊन बसतो. त्याच ॲबीतला राणीचा राज्याभिषेक जून महिन्यात सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला होता, त्यामुळे तो शेवट लोकांना झोंबलाच. राक्षस कसला होता म्हणाल, तर रबरी हातमोज्यांना पालापाचोळा चिकटवलेला, ॲबीच्या मोठ्या केलेल्या फोटोला भोकं पाडून त्यातून बाहेर काढलेला. आत हात होते खुद्द नील यांचे आणि त्यांच्या होणाऱ्या पत्नीचे! ‘क्वाटरमास’ची आणखी दोन पर्वं दशक संपेपर्यंत येऊन गेली. शेवटच्या पर्वाने तर असं सुचवलं की स्वारी लाखो वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे आणि तिचे अवशेष आपल्याच मेंदूत आहेत. या धाग्याला आणखी ताण देणं अवघड होतं. हॉईल यांनी तो सोडून दुसराच पकडला.

त्यांचा मुद्दा भौतिकशास्त्रातला होता. ताऱ्यांमधली अंतरं इतकी आहेत की वस्तू पाठवणं जवळजवळ व्यर्थ. पण रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने जाते आणि तिला खर्चही फारसा नाही. मग माणूस कशाला पाठवायचा? माणूस कसा बनवायचा त्याची कृती पाठवावी. आज देवयानी दीर्घिकेचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरलं जातं. म्हणजे खरोखर तिकडून तार आली तर ती निघाली तेव्हा पृथ्वीवर आजचा माणूस नव्हता, आणि पाठवणारा आज असेलच याची खात्री नाही. मालिकेतली खरी भीती मला इथे वाटते. समोर तह करायलाही कोणी नाही.

हा विचार १९६१ मध्येच सुचावा याला कारणं होती. इंग्लंडमधल्या जॉड्रल बँक इथली ७६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १९५७ मध्ये सुरू झाली आणि लगेच स्पुटनिकला अंतराळात नेणाऱ्या रॉकेटचा माग काढून तिने ब्रिटनमध्ये नाव कमावलं. (नारायणगावजवळच्या खोडदला ज्यांनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिली आहे त्यांच्यासाठी: तिथली एकेक तबकडी ४५ मीटरची, पण त्या ३० आहेत.) सप्टेंबर १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या संस्कृती संदेश पाठवत असतील तर ते हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर शोधावेत. एप्रिल १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या २६ मीटरच्या दुर्बिणीने दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावला. काही ऐकू आलं नाही. हॉईल यांनी कथेत विचारलं ते एवढंच, की ऐकू आलं असतं तर?

दुसरं कारण केंब्रिजच्या गल्ल्यांतलं. तिथल्या गणित प्रयोगशाळेत १९४९ पासून एडसॅक हा संगणक चालत होता. सूचना आणि माहिती दोन्ही एकाच स्मृतीत एकाच प्रकारच्या अंकांत ठेवायच्या, ही त्यामागची कल्पना होती. त्याच गावात १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी वेटोळी मांडली होती. जिवाची घडणही एका लिपीत लिहिलेली असते हे दिसू लागलं होतं, आणि त्या लिपीचं पहिलं अक्षर लागल्याची बातमी अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ निरेनबर्ग यांनी ऑगस्ट १९६१ मध्ये मॉस्कोच्या परिषदेत दिली. मालिका सुरू व्हायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. पटकथा अर्थातच आधीची, पण वारं तेच होतं. यंत्राची आज्ञावली आणि जिवाची आज्ञावली या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की ‘ए फॉर अँड्रोमेडा’चं कथानक जवळजवळ आपोआप उभं राहतं.

तसंच ते मालिकेत उभं राहतं. संगणक सुरू झाल्यावर प्रश्न विचारू लागतो. तुम्ही कशाचे बनलेले आहात, हे त्याला हवं असतं. मॅडलीन डॉने ही जीवशास्त्रज्ञ त्याच्या उत्तरांवरून आधी एक ओबडधोबड जीव घडवते. क्रिस्टीन ही प्रयोगशाळेतली मुलगी यंत्राच्या टर्मिनलना धरते आणि विजेच्या धक्क्याने मरते. त्यानंतर यंत्र नव्या सूचना देतं, आणि या खेपेला जन्माला येते ती बाई. ती झपाट्याने वाढते आणि दिसायला हुबेहूब क्रिस्टीनसारखी असते. तिचं नाव अँड्रोमेडा. दोन्ही भूमिका केल्या ज्युली ख्रिस्ती यांनी. नाट्यशाळेतून बाहेर पडलेल्या या २१ वर्षांच्या मुलीची ही पहिली मोठी भूमिका. त्यांचा जन्म आसाममधल्या चहाच्या मळ्यावरचा. पुढे चारच वर्षांत त्यांनी असं यश मिळवलं की त्यांचा ऑस्कर कोणाला सांगावा लागत नाही. १९६२ च्या पुढच्या पर्वात मात्र त्यांच्या जागी सुझन हॅम्पशर आल्या.

आकाशातल्या या भागाला आपल्याकडे देवयानी म्हणतात. शेजारी शर्मिष्ठा, ययाति आणि वृषपर्वा अशी महाभारतातली सगळी मंडळी मांडून ठेवली आहेत. देवयानी ही शुक्राचार्यांची मुलगी, आणि त्या घरची विद्या म्हणजे संजीवनी, जी चोरायला देवांनी कचाला पाठवलं. मालिकेत चोरावी लागत नाही. देवयानीकडूनच जीव घडवण्याची विद्या आपण होऊन घरी येते. हॉईल यांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण मराठीत ही गोष्ट सांगताना हात तिकडे जातोच.

शास्त्रज्ञ आणि सरकार यांची ओढाताण हा मालिकेचा दुसरा ताण. संगणक संरक्षण खात्याच्या तळावर आहे, कारण पैसा तिथूनच मिळतो. डोक्यावरून परकी क्षेपणास्त्रं जाऊ लागल्यावर अँड्रोमेडा ती पाडण्याचं तंत्र काढून देते, मग तर सरकार यंत्राला देव्हाऱ्यातच बसवतं. फ्लेमिंग ओरडून सांगतो की हे आपलं हत्यार नाही, आपणच त्याचे हात आहोत. कोणी ऐकत नाही. अखेर तो कुऱ्हाड घेऊन संगणक फोडतो आणि संदेशाचे कागद जाळले जातात. समित्या, सचिव, परवानग्या यांचा जो वैताग फ्लेमिंगच्या तोंडी आहे तो हॉईल यांचा स्वतःचा वाटतो. १९७२ मध्ये तेही प्रशासनाशी भांडून केंब्रिज सोडून गेले.

मालिकेच्या वर्षीचं, म्हणजे १९६१ चं, त्यांचं खरं भांडण मात्र रेडिओ दुर्बिणीवरूनच होतं, आणि ते मालिकेपेक्षा कमी नाट्यमय नाही. विश्व कायम आहे तसंच राहतं असं सांगणाऱ्या स्थिर स्थितीच्या सिद्धांताचे हॉईल एक कर्ते. केंब्रिजमधलेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल त्याचे कडवे विरोधक. फेब्रुवारी १९६१ मध्ये राइल यांनी लंडनमध्ये पत्रकार परिषद ठेवली. पत्नीसह बोलावलेल्या हॉईल यांना व्यासपीठावर बसवलं. पडदा उघडला, राइल उभे राहिले, आणि दूरच्या रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून स्थिर स्थितीचं विश्व टिकत नाही असं त्यांनी जाहीर केलं. हॉईल यांना काही कल्पना न देता सगळ्यांसमोर प्रतिक्रिया विचारण्यात आली. त्यानंतर १० फेब्रुवारीला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायचं होतं, पण हॉईल यांचं दुसरीकडे व्याख्यान आधीच ठरलेलं. तेव्हा त्यांनी उत्तर मांडायला आपल्या नव्या विद्यार्थ्याला उभं केलं. जयंत नारळीकर तेव्हा २२ वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हॉईल यांच्या मालिकेत ब्रिटनच्या घराघरांत एक रेडिओ दुर्बीण दिसली, आणि तिनेही आकाशातून संकटच आणलं. यात कुठे चिमटा होता का, हे ज्याने त्याने ठरवावं.

गंमत पुढे आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये ड्रेक आणि सहकाऱ्यांनी अरेसिबोच्या दुर्बिणीतून १,६७९ बिटांचा संदेश आकाशात सोडला. त्यावर कळकळीने हरकत घेणारे कोण? मार्टिन राइल. वर कोण ऐकत असेल आणि त्याची भूक काय असेल सांगता येत नाही, तेव्हा आपला पत्ता देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. हॉईलच्या फ्लेमिंगला हा माणूस आवडला असता.

मालिकेची रड अशी की ती आज जवळजवळ नाही. चित्रफिती महाग होत्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जात, आणि जुने कार्यक्रम जपून ठेवायचे असतात हे बीबीसीच्या डोक्यात यायला फार वर्षं लागली. सातपैकी फक्त सहावा भाग पूर्ण हाती आहे, तोही २००५ च्या सुमारास सापडला. बाकीचे तुकडे, पडद्यावरून काढलेले फोटो आणि संहिता. ज्युली ख्रिस्ती नसलेलं दुसरं पर्व मात्र धडधाकट शिल्लक आहे! २००६ मध्ये बीबीसी फोरने टॉम हार्डीला घेऊन ही कथा नव्याने केली.

हॉईल यांनी मात्र हा विषय कथेपुरता ठेवला नाही. खगोलशास्त्रज्ञ चंद्रा विक्रमसिंघे यांच्याबरोबर ते पुढे गंभीरपणे मांडू लागले की जीवन पृथ्वीवर बाहेरून आलं आणि जंतू अजूनही वरून गळताहेत, साथीसुद्धा त्यातूनच येतात. बहुतेक शास्त्रज्ञांनी मान हलवून नकार दिला, साथींच्या बाबतीत तर फारच जोरात. नारळीकरांनी वाद घालण्याऐवजी वर जाऊन पाहायचं ठरवलं. जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत गोळा केले गेले. हॉईल त्याच वर्षी २० ऑगस्टला गेले. २००५ मध्ये दुसरा फुगा गेला. नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संस्थांनी स्वतंत्रपणे तपासले. २००९ मध्ये इस्रोने सांगितलं की अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आहेत. त्या पृथ्वीबाहेरूनच आल्या असं मात्र यावरून सिद्ध होत नाही. त्यांतल्या एका जातीचं नाव ठेवलं आहे जॅनिबॅक्टर हॉयली.