संध्याकाळच्या योगाला झोपेची जोड कधी मिळाली?

संध्याकाळच्या योगवर्गाचा शेवट आज जवळपास सगळीकडे सारखाच असतो. आसने आटोपतात, दिवे मंद होतात, सगळे पाठीवर आडवे होतात आणि निघताना शिक्षक सांगतात, आता मोबाइल बाजूला ठेवा आणि वेळेवर झोपा. हा क्रम फार प्राचीन असावा असे आपण धरून चालतो. त्यातले शवासन खरोखरच जुने आहे. त्याला झोपेची जोड मात्र गेल्या शंभरेक वर्षांत मिळाली.

हठयोग्यांची दिनचर्या मुळात वेगळी होती. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत स्वात्मारामांनी कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या, चार वेळा दिल्या आहेत: सकाळ, मध्यान्ह, सायंकाळ आणि मध्यरात्र. प्रत्येक वेळी हळूहळू वाढवत ८० कुंभकांपर्यंत जायचे. म्हणजे सायंकाळच्या अभ्यासानंतर रात्रीचा अभ्यास उभाच असे. पतंजलींनी तर निद्रेची गणना चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये, म्हणजे हालचालींमध्ये केली, आणि वृत्तींचा निरोध हाच त्यांचा योग. म्हणून झोपेशी वैर होते असे मात्र नाही. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रा हा शरीराचा उपस्तंभ, म्हणजे आधाराचा खांब मानला आहे. झोप हवी, मापात हवी; पण ती आणण्यासाठी योग करावा, हा विचार या ग्रंथांच्या केंद्रस्थानी नाही.

शवासनाचा प्रवास यात सर्वांत लक्षणीय वाटतो. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या दत्तात्रेययोगशास्त्रात प्रेतासारखे उताणे पडून राहणे हा लययोगाचा, म्हणजे चित्त विरवण्याचा एक उपाय म्हणून येतो. हठप्रदीपिकेत त्याला आसनाची जागा मिळाली. ‘शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’, एवढेच त्याचे फळ सांगितले आहे: शरीराचा थकवा जातो, चित्ताला विसावा मिळतो. झोप लागेल असे वचन त्यात नाही. मला तरी ही ओळ आजच्या पुष्कळ सूचनांपेक्षा नेमकी वाटते, कारण विसावा आणि झोप यांतले अंतर ती राखते. त्याच ग्रंथात योगनिद्रा हा शब्दही आहे, पण तिथे ती खेचरी मुद्रेच्या, म्हणजे जीभ मागे वळवून टाळूकडे नेण्याच्या अभ्यासाने येणारी, काळाचा स्पर्श नसलेली अवस्था आहे. अंथरुणावर पडून ऐकायच्या सूचनांशी तिचा संबंध नाही.

दुसरा धागा शिकागोतून आला. एडमंड जेकबसन या वैद्यकाने स्नायू पद्धतशीर सैल करण्याची रीत १९२९ साली ग्रंथरूपाने मांडली. स्नायू आधी किंचित आवळायचा, तो ताण नीट ओळखायचा आणि मग सोडून द्यायचा. ताण नेमका कुठे धरला आहे हे कळल्याशिवाय तो सोडता येत नाही, ही त्यांची मूळ धारणा. १९३८ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी झोपेवरही पुस्तक लिहिले. आज योगवर्गात ‘मुठी घट्ट आवळा, आता सोडा’ असे ऐकू येते, तेव्हा जुन्या शवासनात हीच रीत मिसळलेली असते. यात काही बिघडले असे मला वाटत नाही. दोन्ही परंपरांना शरीराचे बारीक निरीक्षण करणारी माणसे लाभली होती.

आपल्याकडेही प्रयोगशाळेचा मार्ग लवकर खुला झाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून आसनांचे मोजमाप सुरू केले होते. पुढे १९६९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली कृती वाचण्यासारखी आहे. रुग्णाने उताणे पडायचे, श्वास पोटाने संथ घ्यायचा, श्वास सोडल्यावर थोडे जास्त थांबायचे आणि लक्ष नाकपुड्यांवर ठेवायचे: आत येणारी हवा गार, बाहेर जाणारी उबदार. एवढ्यावर अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींचे औषध कमी करता आले. शवासन म्हणजे वर्गाच्या शेवटी उरलेला वेळ भरून काढणे नव्हे, हे या अभ्यासाने आकड्यांत दाखवले.

आज ध्वनिफितींवर मिळणारी योगनिद्रा मुख्यतः बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी घडवली. तंत्रातल्या न्यासात मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करतात. सत्यानंदांनी मंत्र आणि स्पर्श बाजूला ठेवून फक्त लक्ष फिरवण्याची पद्धत बसवली: उजव्या हाताचा अंगठा, पहिले बोट, दुसरे बोट, असे सगळे शरीर. १९७६ साली त्यावरचे त्यांचे पुस्तक आले. त्यांचा आग्रह मात्र जागे राहण्याचा होता. झोप आणि जाग यांच्या सीमेवर थांबायचे, पलीकडे जायचे नाही. लोकांनी ती झोपेसाठी उचलली.

दरम्यान झोपेचे शास्त्रही पुढे सरकले. १९५८ साली मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्यावर शरीरात वाढणारे संप्रेरक, वेगळे काढले गेले आणि १९८० साली दाखवून दिले गेले की प्रखर प्रकाशाने माणसातले रात्रीचे मेलाटोनिन दबते. झोप जवळ येते तसे शरीराचे आतले तापमान उतरत जाते, हेही कळले. दमवणारी सूर्यनमस्कारांची मालिका किंवा भात्यासारखा जोरदार श्वास घेण्या-सोडण्याची भस्त्रिका रात्री उशिरा का नको, याचे कारण इथे सापडते: ठोके वाढतात, अंग तापते आणि ते उतरायला वेळ लागतो. पुढे वाकण्याची सावकाश आसने, भिंतीला पाय टेकवून पडणे आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करण्याची भ्रामरी रात्री बरी वाटतात ती याच हिशेबाने. आणि शवासनानंतर लगेच लख्ख दिवे लावले, तर मंद उजेडात साधलेले बरेचसे वाया जाते. वर्ग घेणाऱ्यांनी निदान एवढे तरी सांभाळावे असे मनापासून वाटते.

महिनोन्महिने झोप न लागणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली पहिला उपचार म्हणून निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत सुचवली. झोपेच्या वेळा बांधणे, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठणे आणि झोपेविषयीची भीती कमी करणे हा तिचा गाभा. शिथिलीकरणालाही तिच्यात जागा आहे, पण अनेक भागांपैकी एक म्हणून.