कासला निघण्यापूर्वी: फुलांखालच्या दगडाविषयी थोडं

आमच्या गाडीतून साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "पाऊस एवढा, मग इथं मोठी झाडं का नाहीत?" उत्तर पायाखाली आहे.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना काळा कातळ दिसतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे त्यातूनच झाले. वर, सुमारे 1,200 मीटरवर, मात्र तांबडा, भोकाभोकांचा जांभा लागतो. दगड मूळचा तोच, पण लाखो वर्षांच्या उन्हापावसात त्यातली सिलिका, चुना धुऊन गेला आणि लोह, ॲल्युमिनियम मागं राहिलं. कोकणात घराचे चिरे काढतात, तो हाच.

या जांभ्यावर माती कुठं बोटभर, कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यात डबकी, मार्चमध्ये तापलेला तवा. मोठ्या झाडानं मूळ रोवायचं कुठं? त्यामुळं इथं राज्य चालतं ते चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं होणाऱ्यांचं. दरीत थोडं उतरलात की माती खोल होते आणि लगेच जांभूळ, अंजन, हिरड्याचं रान सुरू.

ओलसर जागी निळीजांभळी, नखाएवढी फुलं दिसली की खाली बसा. ही सीतेची आसवं. मातीत नत्र जेमतेम, म्हणून ही वनस्पती बारीक पिशव्यांमध्ये पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. दवबिंदू नावाच्या वनस्पतीची तऱ्हा वेगळी: पानावरच्या केसांना चिकट थेंब, त्यात चिलट अडकतं. वायतुरा तर साताऱ्याचा मानकरी, शास्त्रीय नावातच 'सातारेन्सिस' आहे. तुरा इंग्रजी 'वाय'सारखा. पाऊस सरला की तो जमिनीखालच्या कंदात दडून बसतो. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा दरवर्षी तिची आशा धरू नका.

2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या 39 जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत कास आहे. गर्दी त्यानंतर वाढलीच; शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

डबक्यात उतरून फोटो काढू देत नाही, यावरून एकदा एक काका रुसले होते. पुढं भिंगातून दवबिंदू बघताना सगळ्यांत जास्त वेळ त्यांनीच लावला.

भिंगं आमच्याकडं आहेत. रेनकोट, न घसरणारे बूट आणि जवळचा चष्मा तेवढा तुम्ही आणा.