एक पाली, अनेक लिपी: धर्मानंद कोसंबींच्या परदेशवासाची पार्श्वभूमी

परदेशी शिक्षण म्हटले की बॅरिस्टरीसाठी विलायतेला निघालेला सधन घरातला तरुण डोळ्यांपुढे येतो. पाली भाषेचे आणि बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी त्या चित्रात बसत नाहीत. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या, जेमतेम मराठी शाळा शिकलेल्या या माणसाने ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धचरित्र वाचले आणि १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून घर सोडले. या ज्ञानयात्रेचा पहिला भार त्या दोघींवर पडला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पुणे, ग्वाल्हेर, काशी आणि नेपाळ अशी भटकंती करत ते १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल महास्थविरांकडे पोहोचले, तेथे श्रामणेर (नवदीक्षित बौद्ध भिक्षू) झाले आणि पुढे ब्रह्मदेशात गेले. पाली ही प्राचीन बौद्ध ग्रंथांची भाषा, पण तिला स्वतःची अशी एक लिपी नाही. ती सिलोनात सिंहली, ब्रह्मदेशात बर्मी आणि पाश्चात्त्य विद्यापीठांत रोमन अक्षरांत लिहिली जाते. त्यामुळे ‘बुद्धं सरणं गच्छामि’ मुखोद्गत असलेला मराठी माणूसही बर्मी पोथीपुढे निरक्षरच ठरतो. संस्कृतचा अभ्यास गाठीशी असलेल्या कोसंबींना देश बदलला की पुन्हा धुळाक्षरांपाशी बसावे लागले, आणि माझ्या मते त्यांच्या स्वभावातील विद्वत्तेचा ताठा न चढण्याचे मूळ येथेच आहे.

१९१० मध्ये प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. अमेरिकन पाली अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरी राहिलेली ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषांच्या पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती पूर्ण करण्याचे काम तेथे त्यांच्याकडे आले. स्वप्रयत्नाने इंग्रजी शिकलेला हा गृहस्थ अमेरिकन पंडितांबरोबर पाठभेद ठरवू लागला, समाजवादी वाङ्मयही वाचू लागला. परंतु ग्रंथाचे श्रेय कोणाला किती द्यायचे यावरून हार्वर्डचे संस्कृतचे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवून ते १९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डला गेले, तेव्हा मुलगा दामोदरही बरोबर होता. १९२९ मध्ये लेनिनग्राडला अध्यापन करून आलेले कोसंबी पुढच्याच वर्षी मिठाच्या सत्याग्रहात उतरले.

‘विसुद्धिमग्गा’ची त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. हार्वर्डची रोमन आवृत्ती मात्र १९५० पर्यंत रखडली. तिच्यावर संपादक म्हणून वॉरन आणि ते संपादन तपासून सुधारणारे म्हणून कोसंबी अशी दोन नावे छापली गेली, तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती.