लॉनला पडलेलं टक्कल: बी नेण्याआधी हे वाचून घ्या

महाशिवरात्र झाली की आमच्या नर्सरीत एकच विचारणा सुरू होते, "लॉन मधेमधे उघडं पडलंय, बी टाकू का?" बी नेलं जातं आणि पंधरा दिवसांनी फोन येतो, "भाऊ, बी उगनंच नही!" त्या पंधरा दिवसांसाठी हे पत्रक छापलं आहे.

आधी तुमचं गवत ओळखा. बी टाकून भरतं ते हरळीचं लॉन. सिलेक्शन नंबर वन किंवा मेक्सिकन असेल, तर त्याच गवताचा मुळासकट तुकडा आणून बसवावा लागतो. त्यात हरळीचं बी टाकलं तर उगवेल, पण रंग आणि पान वेगळं असल्याने ठिगळ लांबून दिसेल. अशा ग्राहकाला आम्ही बी देत नाही.

टक्कल पडण्याचं कारणही तपासा. जागेवर गाडी उभी राहते का? कूलरच्या टाकीचं पाणी तिथेच सोडता का? आपल्याकडचं बोअरचं पाणी मुळातच जड, कूलरमध्ये आटून आटून ते आणखी खारट होतं आणि मातीवर पांढरी झाक येते. तिथे बी टाकून पैसे घालवू नका. गवत हाताने ओढल्यावर गालिच्यासारखं सुटून येत असेल तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी आहे, तिचा बंदोबस्त आधी करा.

खान्देशात या कामाला दिवस थोडे मिळतात. थंडीत हरळी झोपलेली असते, बी गार मातीत नुसतं पडून राहतं. एप्रिल-मेच्या उन्हात कोवळा कोंब टिकत नाही. म्हणून महाशिवरात्र ते गुढीपाडवा. तेवढ्यात जमलं नाही तर जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर या.

जागा खुरप्याने दोन बोटं खोल भुसभुशीत करा. काळ्या मातीत चाळलेला पोयटा (गाळाची माती) आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. कच्च्या खतातून तण येतं. 100 चौरस फुटांना 50 ते 100 ग्रॅम बी पुरतं. ते चौपट कोरड्या वाळूत कालवून फेका, म्हणजे एका जागी ढीग पडत नाही. वर मातीचा अगदी पातळ थर, बी झाकलं न झाकलं इतपत. मग पायाने हलकं दाबा आणि ओलं गोणपाट अंथरा. गोणपाटामुळे ओल टिकते, चिमण्याही बी टिपत नाहीत. कोंब दिसताच ते संध्याकाळी काढा.

आता पाणी. सगळं बिघडतं ते इथे.

मागच्या मार्चमध्ये एका बंगल्यावर बी उगवलं नाही म्हणून बघायला गेलो. टक्कल तसंच होतं, पण उताराच्या कोपऱ्यात पायरीला लागून वीतभर जागेत हरळी केसांसारखी दाट उगवली होती. पाइपच्या तोंडावर अंगठा धरून रोज संध्याकाळी भरपूर पाणी मारलं जात होतं. हरळीचं बी खसखशीहून फार मोठं नसतं. पहिल्याच धारेत ते वाहून कोपऱ्यात गोळा झालं होतं. जे जागेवर राहिलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी वाळलं. काळ्या मातीवर एकदा खपली धरली की खालचा कोंब ती फोडू शकत नाही.

म्हणून पहिले पंधरा दिवस पाइप गुंडाळून ठेवा. बारीक भोकांच्या झारीने दिवसातून तीन-चार वेळा नुसता शिडकावा करा, त्यातला एक दुपारी बाराच्या सुमारास. "उन्हात पाणी दिलं की गवत जळतं" असं बरेच जण म्हणतात, पण इथे जळतं ते कोरडं पडलेलं बी. चिखल नको, फक्त वरची माती काळसर ओली दिसली पाहिजे. दुपारी घरी कोणी नसेल तर बी नेऊच नका, तुकडे न्या. थोडे महाग पडतात, पण पहिले आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ चांगलं भिजवलं तरी धरतात.

आमचं बी बाजारापेक्षा महाग का, हेही विचारलं जातं. आम्ही टरफल काढलेलं बी ठेवतो. ते आठ-दहा दिवसांत उगवायला लागतं. टरफलाचं बी तीन-तीन आठवडे घेतं आणि तोवर ऊन चढतं. प्रत्येक पोत्यातले 100 दाणे आम्ही ओल्या कापडात घालून उगवून बघतो. तो ट्रे काउंटरवरच असतो, येऊन मोजा.

गवत दोन इंच झालं की पहिली कापणी, धारदार पात्याने आणि वरवरची. तोवर त्यावर चालू नका, तणनाशकही मारू नका.

येताना तुमच्या लॉनचा मूठभर तुकडा मुळासकट आणा आणि उघड्या जागेची लांबी-रुंदी मोजून ठेवा. बी लागेल की तुकडे, ते लगेच सांगतो. झारी नसेल तर बियांसोबत आमची न्या, महिनाभराने परत द्या. तिचं भाडं घेत नाही.