भाव खाऊन गेला डास

पवई तलावाच्या काठाला, साचलेल्या पाण्यावर बारीक माशी चालताना दिसली की मुंबईकर आधी विचारतो, ‘डास तर नाही ना?’ या धास्तीला शतकाहून जुना इतिहास आहे.

अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी या मलेरिया पसरवणाऱ्या डासाचं शास्त्रीय वर्णन डॉ. लिस्टन यांनी १९०१ साली केलं. १९११ मध्ये मुंबईतल्या मलेरियावर डॉ. बेंटली यांचा अहवाल आला आणि हा डास जिथे वाढतो त्या घराघरांतल्या विहिरी संशयाच्या भोवऱ्यात सापडल्या. त्या झाकायचं, बुजवायचं ठरलं तेव्हा विहिरीच्या पाण्याला पवित्र मानणाऱ्या पारशी आणि हिंदू घरांतून विरोधही झाला.

नेमक्या याच काळात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या इथल्या प्राण्यांची नोंद करणाऱ्या सरकारी ग्रंथमालिकेत माश्यांचा (शास्त्राच्या लेखी डासही माशीच) पहिला खंड निघाला, १९१२ साली. लेखक ब्रुनेटी, पेशाने संगीतकार! त्या खंडातून दोन कुळं मुद्दाम वगळली होती: डास आणि कायरोनोमिडी, म्हणजे डासासारखी दिसणारी पण न चावणारी चिलटं. पुढे १९३३ आणि १९३४ मध्ये डासांना चांगले दोन खंड मिळाले. चिलटांना एकही नाही. पाण्याकाठच्या करड्या माश्यांचं एफिड्रिडी कुळही या मालिकेत आलं नाही. जी चावत नाही, रोग पसरवत नाही, तिच्यासाठी सरकारी पैसा कोण खर्च करणार?

म्हणूनच आजही आपल्याला डास ओळखता येतो आणि बाकी सगळं ‘काहीतरी चिलट’ असतं. खरं तर थोडं वाकून पाहिलं तरी बरंच कळतं. चिलट बसताना बहुधा पुढचे पाय उचलून धरतं, डास मागचे. शिवाय चिलटाला डासासारखी लांब सोंड नसते. लांब पायांवर ताठ उभी, हिरवी धातूसारखी चमकणारी माशी डोलिकोपोडिडी कुळातली. ती शिकारी असते. मळकट, करडी-काळी, तोंड फुगीर, शेवाळाच्या आसपास घुटमळणारी असेल तर एफिड्रिडीचा अंदाज करावा. आणि पाण्यावर सरसर घसरणारे लांब पायांचे किडे माश्याच नव्हेत, ते ढेकणाच्या जातकुळीतले. माशीला पंखांची एकच जोडी असते, दुसरीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक दांडे.

चांगल्या फोटोत पंखांच्या शिरा स्पष्ट दिसल्या तर कुळापर्यंत पोचता येतं. नेमकी जात ठरवायला मात्र बहुतेक वेळा नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं.