चुकलेलं पहिलं रीळ

सारंगखेड्याची यात्रा मार्गशीर्षात, दत्तजयंतीला भरते. तापीच्या काठी घोड्यांचा बाजार, पलीकडे पाळणे, गोडीशेवेची दुकानं, आणि रात्री तंबूतला सिनेमा. मी तेव्हा सातवीत असेन. थंडी इतकी की घरून आणलेली गोधडी चौघांत ओढून आम्ही जमिनीवर बसलो होतो. माझा थोरला चुलत भाऊ, ज्याला सगळं घर जिभाऊ म्हणतं, घोडे बघत रेंगाळला. तो तंबूत आला तेव्हा पहिलं रीळ संपून दुसरं लागत होतं.

सिनेमा जुना, हिंदी. पहिल्याच प्रसंगात मरणाला टेकलेला एक माणूस आपल्या मित्राच्या हातात गाठोडं ठेवतो आणि पोरगा मोठा होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं वचन घेतो. त्यानंतर हा मित्र सगळा सिनेमाभर गप्प असतो. पोराची नजर टाळतो. रात्री कंदील घेऊन एकटाच कोठीत जातो. ते पाहताना माझा जीव त्याच्यासाठी तुटत होता, आणि माझ्या शेजारी, त्याच गोधडीत बसलेला जिभाऊ त्याच माणसावर दात-ओठ खात होता. शेवटी एका वाक्यात सगळा उलगडा झाला खरा, पण तोवर जिभाऊचं मत दगडासारखं घट्ट झालेलं.

परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडण पेटलं.

"तो मानूस पक्का चोर शे," जिभाऊ म्हणाला.

"जिभाऊ, तू पयलं रीळ देखंच नही."

"एक रीळ नही देखं तं काय व्हयनं? बाकीना पुरा शिनेमा देखा ना मी!"

हिशेबाने त्याचंच बरोबर होतं. एक हजार फुटांचं रीळ सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने साधारण 11 मिनिटं चालतं. सव्वादोन तासांच्या सिनेमात तो जेमतेम बारावा हिस्सा. बाकीचे अकरा हिस्से आम्ही दोघांनी एकाच पडद्यावर, एकाच वेळी पाहिले होते. तरी आमचे सिनेमे दोन झाले. हे कसं घडतं, याने मला तेव्हापासून पछाडलेलं आहे.

आधी हा उतारा वाचा. "निवडताना आकाराने मोठं, पण हातात घेतल्यावर हलकं लागेल असं बघावं. सुरुवातीला थोडं टोचून घ्यावं, नाहीतर ऐनवेळी फुटतं. वरून तेलाचा हात फिरवावा. काड्या वाळलेल्या असतील तर काम लवकर उरकतं, पण सतत फिरवत राहायला हवं, एक बाजू राहिली तर सगळं बिघडतं. पूर्ण काळं झाल्याशिवाय थांबू नये. नंतर तो काळेपणा सगळा काढून टाकायचा. मग लाकडात घालून मारायचं, पण जोर बेताचा हवा."

खानदेशातल्या वाचकाच्या जिभेला एव्हाना पाणी सुटलं असेल. इतरांना वाक्यं सगळी समजली असतील, पण हाती काही लागलं नसेल. आता शीर्षक देतो: वांग्याचं भरीत. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांची आग, लाकडी बडगी. पुन्हा वाचलंत तर प्रत्येक वाक्य आपापल्या जागी जाऊन बसेल.

असाच प्रयोग जॉन ब्रान्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये केला. त्यांचा उतारा कपडे धुण्याबद्दल होता, पण कपड्यांचं नावही न घेता लिहिलेला. काहींना विषय आधी सांगितला, काहींना उतारा संपल्यावर, काहींना सांगितलाच नाही. आधी कळलेल्यांना उतारा नीट समजला आणि पुष्कळ आठवलाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मधली मंडळी. त्यांना विषय कळला, पण उशिरा, आणि त्या कळण्याचा त्यांना जवळपास काहीच उपयोग झाला नाही. ज्यांना सांगितलंच नव्हतं त्यांच्याच रांगेत ते बसले. माहिती तीच, तेवढीच, पण दारातून आत येताना हातात असणं वेगळं आणि परत जाताना मिळणं वेगळं. जिभाऊला शेवटच्या वाक्यातला उलगडा असाच परत जाताना मिळाला होता.

माणसांबद्दलची मतंही अशीच बनतात, हे त्याआधी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1946 मध्ये दाखवलं होतं. त्यांनी एका माणसाचं वर्णन सहा शब्दांत केलं: हुशार, कष्टाळू, उतावीळ, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने, मत्सरीपासून हुशारपर्यंत. पहिल्या गटाला तो कर्तबगार माणूस वाटला, थोडे दोष असलेला. दुसऱ्या गटाला तो अडचणीतला माणूस वाटला, ज्याची हुशारी त्याच्या दोषांनी वाया घालवली. याला प्रायमसी इफेक्ट म्हणतात. आपण पहिलेपणाचा प्रभाव म्हणू.

हे का होतं यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला, आणि सिनेमाच्या बाबतीत तो वाद समजून घेण्यासारखा आहे. ॲश यांचं म्हणणं, पहिला शब्द पुढच्या शब्दांचा अर्थच बदलतो. हुशार माणसाचा हट्ट म्हणजे निर्धार, मत्सरी माणसाचा हट्ट म्हणजे आडमुठेपणा. नॉर्मन अँडरसन यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते अर्थबिर्थ बदलत नाही, फक्त लक्ष ओसरत जातं, म्हणून पुढच्या शब्दांचं वजन कमी पडतं. त्यांनी 1963 मध्ये एका सहकाऱ्यासोबत लोकांना बजावलं, की सगळे शब्द नंतर आठवून सांगायचे आहेत. लोकांनी शेवटपर्यंत कान टवकारले आणि पहिलेपणाचा प्रभाव मावळला.

मला वाटतं, शब्दांच्या यादीपुरतं अँडरसन यांचं पारडं जड आहे, पण गोष्टीच्या बाबतीत ॲश. तंबूत जिभाऊचं लक्ष कुठेही ओसरलं नव्हतं. उलट त्या माणसाची एकही हालचाल त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. संशय घेणारा माणूस नेहमीच बारकाईने बघतो. त्याला कंदील दिसला, कोठी दिसली, चुकवलेली नजर दिसली. फक्त त्या सगळ्याचा त्याने लावलेला अर्थ वेगळा होता.

या बाजूने अलीकडचा एक पुरावा मेंदूतूनच आला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात यारा येशुरून, उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांनी एक गोष्ट ऐकवली. गोष्टीत एक नवरा रात्री मित्राला फोन करतो, बायको घरी आलेली नाही म्हणून. गोष्ट सुरू होण्याआधी एका गटाला थोडक्यात सांगितलं की बायकोचं बाहेर प्रकरण आहे. दुसऱ्या गटाला सांगितलं की नवरा उगाच संशयी आहे. पुढे दोघांच्या कानावर अक्षर न् अक्षर तेच पडलं. पण अर्थ लावण्याचं काम करणाऱ्या मेंदूच्या भागांत, विशेषतः डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाळ्यात, एका गटातल्या लोकांची हालचाल आपापसांत जुळत होती आणि दुसऱ्या गटाशी जुळत नव्हती. सुरुवातीच्या चार ओळींनी एका गोष्टीच्या दोन गोष्टी केल्या होत्या.

हे वाचलं तेव्हा मला ट्रॉलीतलं ते भांडण आठवलं. आम्ही मतांवरून भांडतोय असं दोघांनाही वाटत होतं. खरं तर आम्ही दोन वेगवेगळे सिनेमे पाहून आलो होतो.

आपल्या लोककलावंतांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक असावं. तमाशा थेट वगावर येत नाही. आधी गण, मग गवळण, बतावणी, आणि मग वग. गणाला लोक अजून घोंगडी अंथरत असतात, पोरं आईला शोधत असतात. मूळ कथा सुरू होते तेव्हा सगळा फड बसलेला असतो, एका सुरात आलेला असतो. उशिरा आलेल्याची गवळण हुकेल, पण गोष्टीची किल्ली हुकणार नाही. जुन्या सिनेमांनी हीच सोय वेगळ्या वाटेने केली होती: सुरुवातीची लांबलचक नामावली. पाटी मागून पाटी सरकायची आणि मागे वाद्यवृंद वाजत राहायचा. पुष्कळांना तो वेळकाढूपणा वाटतो. मला तो सिनेमाचा गण वाटतो. आता नामावली बहुधा शेवटी गेली आहे आणि तेव्हा लोक चपला शोधत असतात.

त्या संगीतानेही बरंच काम होतं. मेरिलिन बोल्ट्झ यांनी 2001 मध्ये नेमका अर्थ न कळणारे चित्रपटांचे तुकडे लोकांना दाखवले, कधी प्रसन्न संगीतासह, कधी भीषण, कधी संगीताविना. त्याच माणसाच्या त्याच वागण्यातला हेतू लोकांनी संगीताप्रमाणे ठरवला. आठवणही तिकडेच झुकली: भीषण संगीत ऐकलेल्यांना न दाखवलेल्या भीषण गोष्टीही पाहिल्यासारख्या वाटल्या. मी तर म्हणेन, सिनेमाचं पहिलं वाद्य म्हणजे पहिला शब्दच, आणि तो ॲश यांच्या यादीतल्या शब्दासारखाच पुढच्या सगळ्याला रंग लावतो.

मग एकदा बनलेलं मत हलतच नाही का? हलतं, आणि याचं उत्तर आपल्या थिएटरातल्या वड्याच्या गाड्यापाशी सापडतं. अब्राहम लुचिन्स यांनी 1957 मध्ये जिम नावाच्या मुलाबद्दल दोन परिच्छेद लिहिले. एकात तो मित्रांसोबत उन्हात हसत-बोलत जातो, दुसऱ्यात एकटा, सावलीतून, ओळखीच्या मुलीलाही टाळून. मनमिळाऊ परिच्छेद आधी वाचलेल्यांपैकी 78 टक्के लोकांना जिम मनमिळाऊ वाटला. क्रम उलटला तर फक्त 18 टक्क्यांना. पण लुचिन्स तिथे थांबले नाहीत. घाईने मत बनवू नका, असं आधी बजावून पाहिलं, तर प्रभाव कमी झाला. दोन परिच्छेदांच्या मध्ये लोकांना भलतंच काम दिलं, गणितं वगैरे, तर पारडं फिरलं आणि नंतरचा परिच्छेद जड ठरू लागला.

मध्ये भलतंच काम म्हणजे आपलं मध्यंतर! प्रकाश लागतो, माणूस उठतो, वडा खातो, उद्याच्या केळीच्या भावाबद्दल बोलतो आणि परत येऊन बसतो. सिनेमाचे असे दोन तुकडे पाडण्याची आपल्याकडची रीत पाहता, मध्यंतरानंतरचा पहिला प्रसंग ही आपल्या सिनेमाची दुसरी सुरुवातच आहे, असं माझं मत आहे. 'मध्यंतरापर्यंत बरा होता' किंवा 'मध्यंतरानंतर पकड घेतो' हे निकाल आपण सर्रास देतो, ते उगाच नाही. सलग पाहणाऱ्या प्रेक्षकाला असे दोन निकाल सहसा सुचायचे नाहीत.

शेवटाचाही आपला हक्क आहे. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये लोकांना 14 अंश सेल्सियसच्या पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच 60 सेकंद, शिवाय आणखी 30 सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू 15 अंशांवर आणलं. पुन्हा कुठला अनुभव घ्याल, विचारलं तर बहुतेकांनी लांबचा निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. प्रयोग वेदनेचा आहे, सिनेमाचा नव्हे, पण आठवणीच्या स्वभावाबद्दल तो खरं सांगतो. कसं वाटलं, हे शेवट ठरवतो. काय पाहिलं, हे सुरुवात ठरवते. म्हणून चांगला शेवट रटाळ मधला भाग माफ करून घेतो, पण चुकीच्या पायावर उभी राहिलेली समज त्याला सहसा पाडता येत नाही.

आणि आपलं मत कशाने बनलं, हे आपल्याला कळतं का? रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी 1977 च्या लेखात एक प्रयोग सांगितला आहे. लोक माहितीपट पाहत असताना बाहेर करवतीचा कर्कश आवाज ठेवला. गुण द्यायला लावले तर आवाजाचा काही परिणाम दिसला नाही. आवाज नसलेल्यांनीही तेवढेच गुण दिले होते. तरी विचारल्यावर पुष्कळांनी ठामपणे सांगितलं, की त्या आवाजानेच आमचे गुण कमी झाले. कारण समोर दिसत होतं, म्हणून तेच खरं कारण वाटलं. पहिल्या प्रसंगाचं उलट असतं. तो दोन तास मागे पडलेला असतो, डोळ्यांसमोर नसतो, म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. कथा फसली, हिरो जमला नाही, लांबी जास्त झाली, असंच आपण म्हणतो.

घरी हे करून बघण्यासारखं आहे. एखादी वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म घ्यावी. घरातल्या दोघांना पूर्ण दाखवावी, दोघांना पहिली दोन मिनिटं वगळून. मग 'आवडली का' असं विचारू नये. 'कोण चांगला, कोण वाईट, आणि कशावरून' असं विचारावं. 'कशावरून' हा खरा प्रश्न. दोन्हीकडची माणसं पुरावा म्हणून बहुधा तेच प्रसंग सांगतील.

मागच्या वर्षी कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या सणाला, सगळे गावी जमलो होतो. तो तंबूतला सिनेमा मला मोबाइलवर सापडला. जिभाऊ आता साठीच्या पुढे आहे. मी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि पहिल्यापासून लावला. मरणारा माणूस, गाठोडं, वचन. जिभाऊ चष्मा वर करून जवळ सरकला.

"हाई तं मी देखंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं, चाळीस वर्षांची गाठ सुटली.

पुढे तो मित्र कंदील घेऊन कोठीकडे निघाला. जिभाऊची मान आपोआप मागे गेली, कपाळावर आठी चढली.

"आजबी माले तो लबाडच वाटस," तो म्हणाला, आणि मला हाताने खूण केली, थांबवू नको, चालू दे.