बंद दगडखाण सावरायची आहे? पुणे जिल्ह्यात अर्ज कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांसह करायचा

वाघोली, मोशी, लोणीकंद या पट्ट्यातल्या खडीवर आजचं पुणे उभं राहिलं. दगड संपला की क्रशर हलतो, खड्डा मात्र गावाकडे राहतो. तळाला हिरवं पाणी, बाजूला सरळसोट कडा आणि रात्री गुपचूप राडारोडा ओतणारे डंपर. असा खड्डा सावरण्यासाठी साध्या कागदावरचा अर्जही चालतो, पण खरी मेहनत अर्जाच्या आधीची आहे. जमीन कोणाची आणि खाणपट्टा (दगड काढण्यासाठी दिलेला भाडेपट्टा) कागदोपत्री संपलाय का, एवढं आधी शोधा.

सातबारा काढा. 'इतर हक्क' रकान्यात पट्ट्याची नोंद दिसेल. नाही दिसली तर जुने फेरफार चाळा. जमीन खासगी असेल तर मालकानेच अर्ज करायचा, किंवा त्याची लेखी संमती जोडायची. गायरान किंवा सरकारी पड असेल तर ग्रामपंचायत अर्जदार होते आणि ग्रामसभेचा ठराव लागतो. वाघोलीकरांनी मात्र ठरावाच्या मागे लागू नये. २०२१ पासून गाव पुणे महापालिकेत आहे, त्यामुळे क्षेत्रीय कार्यालय गाठायचं. मोशीसाठी पिंपरी-चिंचवड महापालिका. सातबाऱ्यावर वनखातं असेल तर वाट वेगळी, थेट उपवनसंरक्षकांकडे जा.

आता खर्च कोणाचा? पहिली जबाबदारी पट्टेदाराची, म्हणजे ज्याच्या नावावर खाणपट्टा होता त्याची, आणि लोक नेमकं हेच विसरतात. २७ फेब्रुवारी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू) पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागू लागली. २०१३ मध्ये राज्याचे गौण खनिज नियम आले. ८ जानेवारी २०२० ला न्यायालयाने आणखी एक अट घालायला सांगितली: खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने तिथे पुन्हा गवत उगवेल अशी जमीन करून द्यायची. त्यामुळे खाण अलीकडची असेल तर पर्यावरण परवानगीची प्रत मिळवा. अटी पाळल्याचा अहवाल पट्टेदाराने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, तोही मागा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवा.

खाण जुनी असेल आणि पट्टेदाराचा पत्ताच नसेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीसाठी प्रस्ताव द्यायचा. खाणबाधित गावांसाठीचा हा निधी २०१५ च्या कायदादुरुस्तीने आला. पिण्याचं पाणी आणि पर्यावरण ही त्यातली अग्रक्रमाची कामं, त्यामुळे प्रस्तावाची भाषा त्याच अंगाने ठेवा. 'सुशोभीकरण' हा शब्द टाळलेला बरा.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत द्यायचा, एक प्रत तहसीलदारांना. सोबत सातबारा, फेरफार, ठराव किंवा संमती, पट्ट्याच्या आदेशाची प्रत, चारही बाजूंचे फोटो, कामाचं अंदाजपत्रक आणि भूमी अभिलेखकडून मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा. या शेवटच्या कागदात कुचराई नको. आमचा पहिला अर्ज तेवढ्यासाठीच परत आला. नकाशावर गट नंबर होता, खड्ड्याची हद्द नव्हती. मोजणी केली तेव्हा खड्डा शेजारच्या गटात दोन गुंठे घुसलेला निघाला, म्हणजे शेजाऱ्याचीही संमती आली. त्यात उन्हाळा गेला.

आराखड्यात आधी कुंपण आणि सूचना फलक, कारण उन्हाळ्यात मुलं पोहायला उतरतात. मग कड्याला पायऱ्या काढणं किंवा उतार देणं. पाणी राखायचं असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मत घ्या. दोन कातळथरांच्या मधल्या लाल मातीच्या पट्ट्यातून बऱ्याचदा झरा लागतो, तो बुजवू नका. राडारोड्याने खड्डा भरून देतो म्हणणारा ठेकेदार दाराशी येईलच. त्याला आमचा नकार असतो, आसपासच्या विहिरींना ते परवडत नाही. झाडांसाठी आधी माती आणावी लागते. मग करंज, कडुनिंब, करवंद, मेडशिंगी. झटपट हिरवं दिसावं म्हणून ग्लिरिसिडिया लावण्याआधी पुण्याच्या टेकड्यांवर एक चक्कर मारा, तिच्याखाली दुसरं किती उगवलंय ते दिसेल. खड्ड्याच्या काठावर दगडफोडीचं काम करणाऱ्या वडार कुटुंबांची घरं असतील तर त्यांची नोंद आराखड्यात आधी करा. ती सुटली तर काम सुरू होताच तक्रार येते, आणि रास्त येते.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.